विंचवाच्या पाठीवर काय असतं?

पंधरा दिवसांपूर्वी शेजारच्या घरी भंगारवाल्याचा काटा आला. ओट्यावर स्टीलची दोन पिंपं, पितळी घंगाळ, लोखंडी मांडणी, दोनशे लिटरचा निळा ड्रम आणि पाटा-वरवंटा अशी रांग लागली होती. घरच्या कर्त्या माणसाला गुजरातेत साणंदजवळ नोकरी लागली आहे, इथून सुमारे सहाशे किलोमीटरवर. मुलांच्या परीक्षा आटोपल्या की बिऱ्हाड हलणार होतं. मदतीला त्यांचा भाचा पुण्याहून आला होता. मामासाठी रजा टाकून आलेला, कामाला वाघ, मनाने चांगला मुलगा. भंगारवाल्याशी भाव तोच करत होता.

“मामा, भावनेत अडकू नका,” तो म्हणाला. “ट्रकच्या भाड्यात तिकडे सगळं नवं येतं. म्हणतातच ना, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. कपडे घ्या, मोबाइल घ्या. जुन्या कागदांचे फोटो काढून ठेवू. बाकी सगळं काढून टाका.”

वहिनी पिंपावर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

मी मध्ये पडले. भंगारवाल्याला परत पाठवलं. त्या मुलाला तिथल्या तिथे जे सांगितलं ते तुटक होतं, म्हणून आता सविस्तर लिहिते आहे. कारण हे मत त्याच्या एकट्याचं नाही. नोकरीसाठी गाव सोडणाऱ्या प्रत्येक घराला आजकाल कुणी ना कुणी हेच सांगतं आणि ते इतक्या आत्मविश्वासाने सांगतं की ऐकणाऱ्याला आपल्या संसाराची लाज वाटू लागते.

आधी म्हणीचं पाहू. विंचवीण पिल्लांना जन्म देते तेव्हा ती पांढुरकी, मऊ पिल्लं एकेक करून आईच्या पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकेपर्यंत तिथेच राहतात. शेतातला दगड उलटून ज्याने हे पाहिलंय त्यानेच ही म्हण केली असणार. बिऱ्हाड पाठीवर याचा अर्थ पाठ मोकळी असा कधीपासून झाला? पाठीवर पिल्लं आहेत. जिथे जाईल तिथे ती सगळी बरोबर आहेत, एकही मागे टाकलेलं नाही. म्हण हलकं होऊन निघायला सांगत नाही, आपलं सगळं उचलून निघायला सांगते. तिचा आधार घेऊन कुणी पिंपं विकायला काढत असेल तर त्याने ती म्हण अर्धीच ऐकली आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. पैठण रस्त्यावरच्या शाळांत माझी बहुतेक नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर चितेगावातच राहिले. बिऱ्हाडं येताना आणि जाताना मी शाळेच्या दप्तरातून पाहिली. माणूस गाव सोडतो तेव्हा ट्रक ठरवायच्या आधी शाळेत येतो आणि मुलांचा दाखला मागतो. व्हिडिओकॉनचा कारखाना इथे ज्या पत्त्यावर उभा राहिला तो पत्ताच मुळी रस्त्याच्या दगडाचा होता: औरंगाबाद-पैठण रस्ता, १४ किलोमीटरचा दगड, मुक्काम चितेगाव. इथून टीव्ही, वॉशिंग मशीन खोक्यांत बंद होऊन देशभर गेली आणि त्या कामाच्या आशेने मराठवाड्यातून, विदर्भातून, पार उत्तरेतून माणसं इथल्या पत्र्याच्या खोल्यांत राहायला आली. जून २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्याच्या आगेमागे काही वर्षं दाखले मागायला येणाऱ्या पालकांचे चेहरे मला अजून आठवतात. बाप बोलायचा नाही. आई विचारायची, “बाई, तिकडच्या शाळेत हिचं वर्ष वाया तर जाणार नाही ना?”

त्या कंपनीची एक गोष्ट या वादात फार उपयोगी पडते. जून २०२१ मध्ये कंपनी विधी न्यायाधिकरणाने तिच्या विक्रीची योजना मंजूर केली तेव्हा देणेकऱ्यांचे मान्य झालेले दावे सुमारे ६५ हजार कोटींचे होते आणि बोली होती २,९६२ कोटींची. शंभर रुपयांमागे साडेचार रुपयांच्या आसपास. ही बोली मोडीच्या किमतीच्या इतकी जवळ कशी, याकडे न्यायाधिकरणाने स्वतः बोट दाखवलं. जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द केली. मला यातलं अर्थशास्त्र सांगायचं नाही. चालत्या वस्तूची किंमत आणि तीच वस्तू मोडीत काढली की येणारी किंमत यांत किती अंतर असतं हे आमच्या गावाने एवढ्या मोठ्या आकड्यांत पाहिलं आहे. कंपनीचं मोल मोडीच्या भावाने होऊ लागलं तेव्हा निदान विचारणारं कुणीतरी होतं. घरातली पिंपं किलोवर जातात तेव्हा कोण विचारतं?

भाच्याचा हिशेब नेमका इथे चुकतो. तो ट्रकचं भाडं आणि सामानाची भंगारातली किंमत शेजारी शेजारी मांडतो आणि म्हणतो, बघा, भाडं जास्त आहे. पण भाड्याशेजारी मांडायचा आकडा तो नव्हे. हेच सामान तिकडे पुन्हा उभं करायला लागणारा पैसा तिथे मांडायला हवा. आकडे ज्याने त्याने आपले घालावेत, रीत तेवढी सांगते. समजा ट्रकला तीस हजार लागतात आणि सगळं विकून आठ हजार येतात. एवढंच पाहिलं तर विकणारा शहाणा वाटतो. आता वहीच्या दुसऱ्या पानावर नवी शेगडी, कुकर, मिक्सर, फ्रीज, कपाट, दिवाण, गाद्या, पिंपं, डबे, ताटवाट्या, बादल्या, कुलर असं लिहीत जा. साध्यातलं साधं घेतलं तरी बेरीज साठ-सत्तर हजारांच्या खाली थांबत नाही. त्यातून आठ वजा करा. उरतं ते त्या “हलक्या” प्रवासाचं खरं भाडं.

आणि हा खर्च येतो तरी कधी? नव्या गावातल्या पहिल्या महिन्यात. खोलीचं डिपॉझिट त्याच महिन्यात, शाळेची प्रवेश फी त्याच महिन्यात, गणवेश, पुस्तकं, सगळ्यांचं तिकीट त्याच महिन्यात. पगार मात्र महिना भरल्यावर. तिथे उधार देणारा किराणावाला अजून ओळखीचा झालेला नसतो. म्हणजे फ्रीज हप्त्यावर, कपाट हप्त्यावर, आणि नोकरी पक्की होण्याआधी कर्ज पक्कं. पगाराची सवय असलेल्या, कार्डावर खरेदी करणाऱ्या माणसाला हा महिना दिसत नाही. त्याचा सल्ला त्याच्या परिस्थितीपुरता खरा असेलही. त्याने तो पत्र्याच्या खोलीतल्या घराला देऊ नये.

आता वजनाचं. हलवाहलवीच्या गप्पांत सगळ्यात जास्त गैरसमज याबद्दल असतो. “पाटा? दगड आहे तो मामी. दगड कोण नेतं?” असं तो मुलगा म्हणाला आणि सगळे गप्प झाले, जणू याला उत्तरच नाही. उत्तर साधं आहे. पूर्ण गाडी ठरवलीत की भाडं गाडीचं असतं, किलोचं नसतं. घरसामानाने गाडी वजनाने कधी भरत नाही, जागेने भरते. सोफा, गाद्या, रिकामी कपाटं, कुलर, प्लास्टिकच्या खुर्च्या यांनी हौदा काठोकाठ भरतो तेव्हाही गाडीची वजन ओढण्याची ताकद बरीच शिल्लक असते. म्हणून पाटा, खलबत्ता, लोखंडी तवे, स्टीलची भांडी या जड पण आटोपशीर वस्तू जवळजवळ फुकट जातात. जागा खाणाऱ्या हलक्या वस्तूंचंच भाडं खरं पडतं. लोक नेमकं उलटं करतात. दगड सोडतात आणि भुसा भरलेला सोफा नेतात. रेल्वेच्या पार्सलने पाठवायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे वजनाचा काटा आहे. स्लीपरच्या तिकिटावर माणशी ४० किलो सामान बरोबर नेता येतं, तेवढ्यात अख्खा संसार बसत नाही. पण गाडी करणार असाल तर पाटा हमालाला एकदा उचलावा लागतो, यापलीकडे त्याचं ओझं कुणावर नाही.

निळ्या ड्रमबद्दलही बोलते, कारण त्यावर मुलगा सगळ्यात जास्त हसला होता. पैठणच्या नाथसागरातून, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयातून, शहराला पाणी नेणारी ७०० आणि १,४०० मिलिमीटरची लाइन याच रस्त्याने जाते. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. तरी या रस्त्यावरच्या भाड्याच्या खोल्यांत पाणी साठवल्याशिवाय बाईला झोप लागत नाही. तो ड्रम म्हणजे तिचे दोन दिवस आहेत. साणंदला चोवीस तास पाणी असेल, असं भाचा म्हणतो. असेलही. पण ते कळेपर्यंत ड्रम जवळ असलेला बरा. शिवाय ड्रम रिकामा न्यायचा कुणी सांगितलं? त्यात वाकळा, उशा, पांघरुणं ठासून भरायची, वरून झाकण लावून सुतळी बांधायची. पावसाची सर आली तरी आतलं कोरडं राहतं. त्याच्याइतकं भक्कम खोकं बाजारात मिळत नाही. पिंपांचंही तेच. पिंपात डबे, डब्यात वाट्या, वाट्यांत मसाल्याच्या पुड्या. रिकामी वस्तू जागा खाते, भरलेली वस्तू दुसरीची जागा वाचवते. वहिनींना हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी त्यांनी मला मिनिटभरात करून दाखवलं. काटा घेऊन उभ्या असलेल्या तीन पुरुषांपैकी एकालाही ते सुचलं नव्हतं.

त्या भांड्यांवर नावं आहेत. काही वहिनींच्या माहेरच्यांनी घातलेली, लग्नाच्या तारखेसह. काही सासूबाईंची. काही भिशीतून आलेली, काही बोहारणीकडून जुन्या साड्या देऊन, घासाघीस करून घेतलेली. एका परातीमागे चार साड्यांचा आणि एका दुपारच्या हुज्जतीचा जमाखर्च आहे. त्या बाईच्या नावावर सातबारा नाही, बँकेत ठेव नाही. तिची मालमत्ता म्हणता येईल अशी गोष्ट या मांडणीवर आहे आणि तिच्यावर तिचं नाव कोरलेलं आहे. ती विकायचा निर्णय तिला न विचारता होतो आणि वर तिलाच “भावनेत अडकू नका” म्हणतात. ही भावना नाही, मालकी आहे. भांडी किलोवर घालण्याआधी त्यांवरचं नाव वाचून दाखवावं, एवढीच माझी त्या मुलाला विनंती होती. त्याने वाचलं. नंतर ती परात त्यानेच आत नेऊन ठेवली, हेही सांगितलं पाहिजे.

सगळंच न्या असं मी म्हणत नाही. प्लायवुडचं कपाट एकदा खोललं की पुन्हा तसं उभं राहत नाही, त्याचे स्क्रू भोकांत धरत नाहीत, ते इथेच विकावं. फुगलेला कुलर, तडकलेल्या खुर्च्या, दबलेली गादी सोडावी. सिलिंडर तर ट्रकमध्ये चढवायचाच नाही. रेग्युलेटरसकट एजन्सीत जमा करून डिपॉझिट परत घ्यायचं, टर्मिनेशन व्हाउचर जपून ठेवायचं आणि नव्या गावी त्यावर जोडणी घ्यायची. या बाबतीत भाच्याचं बरोबर होतं आणि त्याने एजन्सीत दोन खेपा घालून ते काम केलंही.

त्याचा पुढचा मुद्दा मोडतोडीचा होता. सामान पोचेपर्यंत अर्धं फुटतं, मग नेऊन काय उपयोग? या भीतीत तथ्य आहे, आणि फुटण्याखेरीज अडवणुकीचीही भीती असते. माझ्या मुलीचं सामान दक्षिणेत गेलं तेव्हा एका वाहतूकदाराने गाडी अर्ध्या वाटेत उभी केली आणि ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागितले. हातात कच्ची चिठ्ठी होती. आम्ही पैसे भरले. त्या रात्री मी ठरवलं की पुन्हा कुणाला चिठ्ठीवर सामान चढवू द्यायचं नाही. रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीसाठी २००७ चा कायदा आहे, २०११ पासून तो लागू झाला, आणि त्याने १८६५ चा इंग्रजांच्या काळातला कायदा बाजूला सारला. त्यानुसार वाहतूकदाराची नोंदणी असली पाहिजे, मालाची आणि किमतीची नोंद असलेला कागद आपण द्यायचा आणि त्याने माल मिळाल्याची पावती द्यायची. नुकसान झालं तर त्याचा निष्काळजीपणा आपल्याला सिद्ध करत बसावं लागत नाही. मात्र जास्त जोखमीचा दर भरून किंमत जाहीर केली नसेल तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच मिळते, आणि लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. सामान फुटतं म्हणून विकून टाका असं सांगणाऱ्याने यातलं एक वाक्य जरी सांगितलं असतं तरी त्या सल्ल्याला मोल आलं असतं.

आणि फुटतं ते बहुतेक बांधण्याच्या आळसामुळे. फ्रीज आदल्या दिवशी बंद करून आतलं बर्फ-पाणी निपटून काढावं आणि तो उभाच न्यावा. आडवा न्यावाच लागला तर पोचल्यावर काही तास उभा ठेवून मग चालू करावा, कारण आडवा पडला की कंप्रेसरचं तेल नळ्यांत शिरतं. हे मला कारखान्यातून काम करून बाहेर पडलेल्या एका पालकाने शिकवलं. टीव्ही दोन गाद्यांच्या मध्ये उभा. काचेच्या बरण्यांवर जुने सुती परकर, प्लास्टिकच्या पिशव्या नव्हेत, त्या घसरतात. दिवाणाचे बोल्ट पिशवीत घालून पिशवी दिवाणाच्याच पायाला बांधायची. प्रत्येक खोक्यावर आकडा, आणि आकड्यासमोर काय आहे ते वहीत. आमच्या गावात ज्यांनी वर्षानुवर्षं देशभरच्या घरांसाठी टीव्ही पॅक केले त्या हातांना कोपऱ्याला किती जाड पुठ्ठा लागतो हे सांगावं लागत नाही. या मामांचेही हात तेच आहेत. पंधरा दिवस मी पाहते आहे. भाचा बोलत असतो आणि मामा गप्पपणे खोक्याच्या कोपऱ्यांना पुठ्ठ्याची दुहेरी पट्टी लावत असतात.

कागदांचे फोटो काढून मूळ कागद टाकायच्या कल्पनेवर मात्र माझा आवाज चढला. मी आयुष्यभर शाळेचं दप्तर सांभाळलं आहे. आपल्या राज्यात जातीच्या दाखल्यासाठी आणि वैधतेसाठी विशिष्ट तारखेच्या आधीचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. म्हणजे आजोबांच्या शाळेचा दाखला, प्रवेश-निर्गम उतारा, जुना फेरफार. आज पत्र्याच्या पेटीच्या तळाशी पडलेला हा कागद नातीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी मूळ स्वरूपात मागितला जातो. गुजरातेत राहून पैठण तालुक्यातला साठ वर्षांपूर्वीचा उतारा पुन्हा काढायचा म्हणजे काय, हे ज्याने हेलपाटे घातलेत त्यालाच विचारावं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधू लागली तेव्हा मराठवाड्यातल्या घराघरांत निजामाच्या काळातल्या मोडी आणि उर्दू कागदांसाठी पेट्या उपसल्या गेल्या. ज्यांनी पूर्वीच्या कुठल्यातरी हलवाहलवीत रद्दी म्हणून पेटी रिकामी केली होती ते त्या दिवसांत फार हळहळले.

जपून बरोबर आणलेलं टिकतं, याचं आमच्या जिल्ह्यात सातशे वर्षांपूर्वीचं उदाहरण आहे. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली. ती काही वर्षांत परत गेली आणि सुलतानाचं नाव म्हणीपुरतं उरलं. पण त्या काळात दिल्लीहून इकडे आलेल्यांत बुऱ्हाणुद्दीन गरीब होते आणि निजामुद्दीन औलियांची संभाषणं ‘फवाइद-उल-फुआद’ मध्ये लिहून ठेवणारे अमीर हसन सिज्झी होते. दोघेही खुलताबादला विसावले आहेत. एवढ्या लांबून येताना त्यांनी गुरूचे शब्द बरोबर आणले आणि पुढे खुलताबादेत तशीच संभाषणं लिहून ठेवायची परंपरा वाढली. दरबार गेला, गाठोड्यात आलेलं राहिलं.

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. या घरातले मुखवटे पितळी आहेत, चौथ्या पिढीकडे आलेले, त्यांच्या कोठ्या, पोती, साड्या, फुलोऱ्याचा सांगाडा असं एक मोठं खोकं होतं. देवघरातले चांदीचे टाक वेगळे. ते ट्रकमध्ये जात नाहीत, बाईच्या मांडीवर जातात. साणंदच्या बाजारात नवे मुखवटे मिळतील का, असा प्रश्न भाच्याने विचारला आणि विचारतानाच त्याला त्यातलं काय चुकतंय ते समजलं असावं, कारण तो पुढे बोलला नाही.

त्याचा शेवटचा मुद्दा मात्र गंभीर होता आणि मी तो टाळणार नाही. “बाई, इथे यूपी-बिहारातून, मध्य प्रदेशातून लोक एका पिशवीवर येतात. त्यांचं काही अडतं का?” अडतं. एका पिशवीवर येतो तो एकटा पुरुष असतो आणि त्याचं घर गावाकडे जागेवर असतं, भांड्यांसकट, आईसकट. त्याने संसार हलवलेला नसतो. तो स्वतः हललेला असतो. आणि इथे त्याचं घर उभं न राहिल्याची किंमत त्याने मे २०२० मध्ये चुकवली. जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारी मध्य प्रदेशातली माणसं टाळेबंदीत काम बंद पडल्यावर रुळांवरून चालत भुसावळकडे निघाली, थकून करमाडजवळ रुळांवरच झोपली आणि ८ मेच्या पहाटे मालगाडीखाली सोळा जण गेले. सकाळच्या छायाचित्रांत रुळांवर चपला होत्या आणि पोळ्या विखुरलेल्या होत्या. करमाड आमच्याच जिल्ह्यात आहे. त्या पोळ्या पाहिल्यापासून कुणी मला एका पिशवीवर जगण्याची थोरवी सांगितली की मला ते ऐकवत नाही. जिथे माणसाची स्वतःची चूल, धान्याचा डबा आणि ओळखीचं दार असतं तिथे तो संकटाच्या काळात चार आठवडे तग धरतो. हे सगळं पिशवीत मावत नाही.

घर हलवण्यात खरोखर मुरलेली माणसं पाहायची असतील तर दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडच्या आणि आमच्या पैठण तालुक्याच्या रस्त्यांवर उभं राहावं. ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ज्वारी-बाजरीची पोती, पेटी, चूल, ताडपत्री, घागरी, कोयते, वाकळा, एखादी शेळी, वर बसलेली पोरं आणि म्हातारी असते. दरवर्षी ते घर उठवतात, सहा महिने दुसऱ्याच्या शेताच्या बांधावर मांडतात आणि पाडव्याच्या आगेमागे परत आणतात. त्यांच्याहून गरीब कोण आहे? पण ते एकही घागर विकून जात नाहीत, कारण कारखान्याच्या तळावर घागर विकत घ्यावी लागली तर ती उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेत, लागते आणि उचल फिटता फिटत नाही, हे त्यांना पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक आहे.

शासनालाही हे उशिरा का होईना उमजलं आहे. दुसऱ्या राज्यात गेलं तरी जुन्याच रेशन कार्डावर धान्य मिळावं, ही सोय ऑगस्ट २०१९ मध्ये ज्या राज्यांच्या जोड्यांपासून सुरू झाली त्यात महाराष्ट्र आणि गुजरात ही एक जोडी होती. हद्द ओलांडली म्हणून घराने पुन्हा शून्यापासून सुरुवात करू नये, हाच त्यामागचा विचार. मामांचं कार्ड मी स्वतः पिशवीत वरच ठेवलं आहे. मोटारसायकलीचं ना-हरकत प्रमाणपत्रही काढून झालं, कारण दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर गाडीची नोंदणी तिकडे करावी लागते.

इथून लोक जातायत आणि पलीकडे बिडकीनला ऑरिक या औद्योगिक नगरीच्या जमिनीवर नवे कारखाने येतायत. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी २० हजार कोटींच्या प्रकल्पाचा करार केला. थोडं थांबा, सगळं इथेच येईल, असंही मामांना कुणी कुणी सांगितलं. पंचेचाळिशीतल्या माणसाला दोन मुलांसह थांबता येत नाही. पण उद्या बिडकीनला जी बिऱ्हाडं येतील त्यांनाही निघताना कुणीतरी हेच सांगितलेलं असेल, सगळं विका, तिकडे नवं घ्या. चितेगावच्या दुकानदारांना त्यांच्या हप्त्यांची कमाई होईल. मला त्या कमाईचा आनंद होणार नाही.

काल रात्री वहिनींनी दशम्या आणि धपाटे केले, दोन दिवस पुरतील एवढे. पहिल्या रात्रीचं खोकं वेगळं बांधलंय. त्यात चहा-साखर, एक पातेलं, विजेची शेगडी, चार वाट्या, दोन वाकळा, मेणबत्त्या आणि काडेपेटी आहे. ते सगळ्यात शेवटी चढेल म्हणजे सगळ्यात आधी उतरेल. बत्तीस खोकी झाली, वहीत बत्तीस ओळी आहेत. तेविसाव्या ओळीत भाच्याच्या अक्षरात “परात, मामीची, नाव आहे” असं लिहिलंय.

गाडी पहाटे पाचला येणार आहे. पाटा अजून ओट्यावर आहे. त्याला गोणपाट गुंडाळून आडवी-उभी सुतळी बांधायची राहिलीय, आणि मामा गोणपाट शोधतायत.